सई चालायला शिकली तेव्हाची तू

ताई,

सई तुला जमिनीवर शोधते. तिचा बाबा, संजय, घरात नसला की ती मान वर करून बघते, दाराच्या कडीकडे, खुंटीवरच्या त्याच्या शर्टाकडे. तुला शोधायचं असलं की मात्र खाली वाकते. पलंगाखाली बघते, कांद्याच्या गोणीमागे बघते, आणि शेवटी तुझी सतरंजी असायची तिथे बसून दोन्ही तळहात फरशीवर आपटते. "माऊ," म्हणते, मावशीतलं तेवढंच तिला येतं. थोडं थांबते. पुन्हा "माऊ."

तेराव्याला आलेली माणसं म्हणाली, एवढ्याशा पोरीला काय कळतंय. सगळी गेल्यावर मी सतरंजी धुऊन दोरीवर टाकली, तर हिनं खाली उभं राहून तिचं टोक ओढलं. ओढताना मागे गेली, ढुंगणावर बसली, उठली, पुन्हा ओढायला लागली. मी ती तशीच ओली काढून परत आत अंथरली.

मला तू आठवतेस ती मात्र उभी. जुन्नरहून घाटघरला जाणाऱ्या गाडीत. कॉलेजातून सुट्टीला घरी येताना मी मुद्दाम तुझ्याच गाडीची वाट बघत बसायचे. वळण आलं की सगळी गाडी एका अंगाला कलायची, माणसं, पिशव्या, कोंबड्या, सगळंच. तू तेवढी मधल्या वाटेत तिकिटाचं मशीन धरून सरळ. कशालाही धरायची नाहीस. "पुढं सरका राव, पाय ठिवायला जागा द्या," म्हणत दारापासून ड्रायव्हरपर्यंत जायचीस आणि यायचीस, घरात फिरल्यासारखी. एकदा एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं होतं, "पोरी, तुला काय खिळे ठोकल्यात का?" तेव्हा तू केवढी हसली होतीस.

ते बाबा आपल्या आबांना ओळखत नसावेत. ओळखत असते तर त्यांनी वेगळंच काहीतरी विचारलं असतं.

आबा दारूला कधी शिवले नाहीत हे तुला माहीत, मला माहीत आणि आईला माहीत होतं. बाकी गावाला ते पटलं नाही. भाताच्या खाचरांमधून बांधाबांधानं ते घरी यायचे तेव्हा दोन्ही पाय लांब लांब टाकत, हात बाजूला पसरून यायचे. पारावरची पोरं म्हणायची, "आज सकाळीच लागली वाटतं." तुला बघायला आलेल्या पावण्यांनी पण तेच पाहिलं आणि चहा पिऊन गेले ते परत आले नाहीत. मी बारावीला असताना आबा त्याच बांधावरून खालच्या खाचरात पडले. डोकं दगडावर आपटलं. अंत्यविधीला आलेला एकजण दुसऱ्याला म्हणाला, "शेवटी दारूनंच नेला." तू वळून त्याच्याकडे नुसतं बघितलंस.

पुढे कितीतरी वर्षांनी एका प्रवाशानं तुझी तक्रार केली. कंडक्टर बाई पिऊन गाडीत येतात, चालताना झोकांड्या देतात. तू मला फोनवर सांगितलंस ते हसत हसत सांगितलंस. "वैशे, ऐक, मी पिते म्हनं." मी पण हसले. मग फोनवर नुसता गाडीच्या इंजिनाचा आवाज येत राहिला. आबांचं नाव तूही काढलं नाहीस, मीही नाही. "ठिवते," म्हणालीस.

त्यानंतर तू नोकरी सोडलीस. गुडघे गेले असं सगळ्यांना सांगितलंस. मला दिवस गेले होते, संजय पिकअप घेऊन मंचरहून वाशीला कांदा पोचवायला गेला की रात्रंदिवस बाहेर, घरात मला सोबत पाहिजेच होती. तू पेठला आमच्याकडे आलीस. मागे ऊस आहे, उसात बिबट्याची ये-जा आहे, म्हणून दार कायम लावलेलं. त्या बंद दाराच्या आत सई आणि तू अशा दोघी वाढलात असं मला आता वाटतं.

सईनं मान धरली तेव्हा पहिल्यांदा तुझ्याच लक्षात आलं. मी मंचरच्या पतसंस्थेतून घाटातून घरी आले की तू मला दिवसभराचं सांगायचीस, दुसऱ्या कुणाला कळणार नाही अशा बारीक गोष्टी. "आज पालथी टाकली तर छाती उचलली तिनं. डोकं लई वेळ डुगडुगलं, पन खाली न्हाई टाकलं." मी अर्धं ऐकायचे. मला तिला कधी एकदा कुशीत घेते असं व्हायचं.

त्याच सुमाराला तू तिला उचलून घेणं बंद केलंस.

मी एकदा आले तर सई चटईवर पडून आकांत करत होती आणि तू तिच्या शेजारी बसून टाळ्या वाजवत होतीस.

"अगं उचल ना तिला!"

"न्हाई उचलनार."

"का?"

"खाली वाढल्यालं पोर घट्ट व्हतं. तुमी सारखं खांद्यावर घेऊन तिला मऊ करून ठिवाल."

मला राग आला, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. स्वतःचं मूल नाही म्हणून तुझी माया तुटक असेल, असंही मनात येऊन गेलं. तू मात्र हळूहळू सगळं घर खाली उतरवलंस. दुधाचं पातेलं खालच्या फळीवर, सईचे कपडे खालच्या कप्प्यात, पाण्याची कळशी जमिनीवर. खोलीतून स्वयंपाकघरात जायचं तर बसल्या बसल्या सरकत जायचीस आणि सई तुझ्यामागून पोटावर घसटत यायची. बघायला मजा वाटायची. मी तुमचा व्हिडिओ काढून संजयला पाठवला होता.

वॉकरवरून आपलं भांडण झालं ते आठवतं? मंचरच्या बाजारातून मी लाल चाकांचा, गाणं वाजणारा वॉकर आणला. तू त्याच्याकडे असं बघितलंस की जणू मी साप आणलाय. "ती त्यात उभी ऱ्हात न्हाई, लटकती," म्हणालीस. "पडू दे की तिला. पडली तरच कळंल कुठं पडतोय त्ये." मी म्हटलं, सगळ्यांची पोरं वॉकरमध्येच चालायला शिकली. तू म्हणालीस, "मग सगळ्यांच्या पोरांकडं जा." आपण दोघी दिवसभर बोललो नाही. वॉकर माळ्यावर गेला. ताई, मला अजूनही वाटतं त्यानं काही बिघडलं नसतं. ह्या एका गोष्टीत तरी मी माघार घेणार नाही.

मग ती सकाळ आली. त्याच्या थोडं आधी सई आधाराशिवाय बसायला लागली होती. तिला बसवून तू हळूच ढकलायचीस आणि मला दाखवायचीस. "बघ, पुढं गेली की आता हात टेकती. बाजूला न्हाई टेकत अजून." काही दिवसांनी बाजूलाही टेकायला लागली. मागे जाताना हात यायला आणखी वेळ लागला, तोवर तू तिच्या पाठीशी उशी ठेवायचीस. मागचा हात आला तेव्हा तू मला पतसंस्थेत फोन करून सांगितलं होतंस, मी गिऱ्हाईक समोर ठेवून ऐकलं.

त्या सकाळी तू मोरीशी उभी राहून तोंड धूत होतीस. साबण लावलास, डोळे मिटलेस आणि सरळ मागे गेलीस. हात पुढे आला नाही, बाजूला आला नाही, मागेही आला नाही. तोडलेलं झाड जातं तशी. दाराच्या चौकटीवर डोकं आपटलं. मी धावत आले, पदर दाबून धरला. तू रडत नव्हतीस. साबणानं मिटलेल्या डोळ्यांनीच म्हणालीस, "सईचा हात आला, वैशे. माझा गेला."

आणि मग, मी तोंडावर पाणी मारत असताना, "म्हून उचलत न्हवते तिला. उभ्यानं घ्यायची आन् माझ्या हातनं पडली म्हंजी?"

किती दिवस तुला माहीत होतं, ताई? त्या तक्रारीच्या आधीपासून? बसमध्ये तू हात सीटच्या दांडीला लावायला लागलीस तो पहिला दिवस तुला आठवत असणार. मला तू कधी सांगितलं नाहीस.

पुण्याच्या डॉक्टरांनी तुला रेघेवर चालायला लावलं, डोळे मिटून उभं राहायला लावलं, त्यांच्या बोटाला बोट लावायला लावलं. तुझं बोट त्यांच्या बोटाच्या बाजूने निघून गेलं. डॉक्टर शांत होते. त्यांनी समजावून सांगितलं की कानाच्या आतून, डोळ्यांतून आणि पायांच्या सांध्यांतून शरीर कुठे कललंय याची खबर येत राहते आणि डोक्याच्या मागच्या बाजूचा लहान मेंदू तिचा मेळ घालतो. बाळ तो मेळ घालायला शिकतं, म्हणून ते इतक्या वेळा पडतं. "ताईंचा मेळ सुटत चाललाय. हे बरीच वर्षं चालू असणार. घरात आणखी कुणाला होतं?"

तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हणाले, "वडील."

"ते कसे गेले?"

"पडून."

त्यांनी मान हलवली. आजार घराण्यातून येतो, आई किंवा वडिलांना असेल तर मुलाला असण्याची शक्यता निम्मी. तुमचीही तपासणी करता येईल, ते मला म्हणाले. करायचीच असं नाही. तुम्ही ठरवा. मांडीवर सई होती. तिनं डॉक्टरांचा पेन धरायला हात पुढे केला, तोल जाऊन टेबलावर कपाळ आपटलं आणि ती हसली. आपण दोघी हसलो नाही.

त्या दिवसापासून घरात काहीतरी येऊन बसलं. ते कुठे बसलंय हे आपल्या दोघींनाच दिसत होतं. संजयला मी "ताईला नसांचा आजार आहे" एवढंच सांगितलं. तू पण तेवढंच सांगू दिलंस.

सई पलंगाला धरून उभी राहायला लागली. गुडघे वाकवून वरखाली डुलायची. मग कडेकडेने सरकायला लागली, पलंगापासून खुर्ची, खुर्चीपासून भिंत. तूही मोरीपर्यंत भिंतीला हात लावून जायचीस. तिच्या हाताचे तेलकट ठसे खाली, तुझे वर. मी रंग द्यायचा म्हणाले तर तू म्हणालीस, राहू दे.

तिनं पहिली पावलं टाकली ती तुझ्याकडे. मी दारात होते. तिनं खुर्ची सोडली, दोन्ही हात खांद्याइतके वर उचलले, पाय लांब लांब टाकत निघाली. आणि मी ताई, आनंदानं ओरडायच्या ऐवजी दाराची चौकट घट्ट धरली. कारण आबा असेच चालायचे. हुबेहूब. तू सतरंजीवर बसून हात पुढे केलेस, पण तुझे हात थरथरत भलतीकडे गेले, एक तिच्या कानाजवळून आणि एक पाठीमागे, आणि ती मधून थेट तुझ्या छातीवर येऊन आदळली. तू मागे पडलीस. ती तुझ्या अंगावर. दोघी हसत होतात. तू हसता हसता माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "तशी चालती म्हून भिऊ नगं. सगळी पोरं तशीच चालत्यात. डॉक्टर बोलला न्हाई का?"

बोलले होते. फोन करून मी त्यांना पुन्हाही विचारलं. सगळी मुलं आधी अशीच पाय फाकवून, हात वर धरून चालतात, मग हात खाली येतात, पाय जवळ येतात. हा आजार एवढ्या वयात असा दिसत नाही. मी हो हो म्हणाले आणि फोन ठेवून सईचे पाय बघत बसले. ती पडली की मोजायचं नाही असं ठरवायचे. शेजारणीचा मुलगा सईच्याच वयाचा, तो आला की दोघांना शेजारी शेजारी चालवायचे. तो पडला की मला बरं वाटायचं. हे तुलाच सांगू शकते.

आणि तपासणीवरून आपलं भांडण. ते अर्धवटच राहिलं. तू म्हणायचीस, करून घे. मी म्हणायचे, कळून काय करू? औषध आहे का? नाही ना?

"आबांना कळलं असतं तर बांधावरनं गेलं नसतं," तू म्हणालीस. "मला आधी कळलं असतं तर ती तक्रार आली तवा मी तोंडावर सांगितलं असतं, पीत न्हाई, आजार हाय. गप बसले. लोकांनी पिती म्हनून धरलं आन् मी धरू दिलं."

"तुझं वेगळं. मला पोर आहे."

"म्हनूनच सांगते."

मी ओरडले. म्हणाले, तुला एकटीला बरं वाटत नाही म्हणून मलाही त्यात ओढतेस. तू फरशीवरून सरकत आत गेलीस. त्या सरकण्याचा आवाज मला अजून येतो.

त्यानंतर तू तपासणीचं नाव काढलं नाहीस. एक खेळ काढलास. हॉलमधल्या दोन फरशांच्या मधली रेघ धरून मी पुढे चालायचं, टाचेला पंजा लावून, आणि सईनं मागून यायचं. सईला काही ती रेघ जमायची नाही, ती हॉलभर भटकायची आणि टाळ्या पिटायची. तू सतरंजीवरून म्हणायचीस, "पुन्यांदा. आता डोळं झाकून." रोज संध्याकाळी मी कामावरून आले की हा खेळ. मला वाटायचं पोरीला आवडतो म्हणून. एकदा सई पाणी प्यायला आत गेली होती आणि तू तरीही म्हणालीस, "पुन्यांदा." मी वळून बघितलं. तू माझ्या पावलांकडे बघत होतीस. कितीतरी दिवस तू माझ्याच पावलांकडे बघत होतीस.

काय दिसलं तुला? मी विचारलं नाही. तू सांगितलं नाहीस.

मग तुझे शब्द जड झाले. जिभेवर काहीतरी ठेवल्यासारखं बोलायचीस. संजय म्हणायचा, ताईंचं काही कळत नाही. सईला मात्र सगळं कळायचं, तीही तशीच बोलायची. पाणी पिताना ठसका लागायला लागला. भात मऊ करून भरवायचे तरी ठसका. आणि त्याच महिन्यांत सईचे हात खाली आले. ती वाटी हातात धरून चालायला लागली, न सांडता. तुझ्यापुढे वाटी ठेवायची, तुला घास भरवायची, घास तुझ्या हनुवटीला लागायचा. तू तोंड उघडून धीरानं वाट बघायचीस.

ठसक्यातून छातीत कफ झाला. मंचरच्या दवाखान्यात तू नळ्या लावून पडली होतीस तेव्हा मी पलंगाशी उभी होते. तू हात बाहेर काढलास, तो दोनदा चुकला, तिसऱ्यांदा माझ्या मनगटाला लागला. काहीतरी म्हणालीस. मला कळलं नाही. मी "काय?" म्हटलं, तू पुन्हा म्हणालीस, तेही कळलं नाही. तू दमली होतीस. तिसऱ्यांदा विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी "हो" म्हणाले. तू डोळे मिटलेस. दुपारी तू गेलीस.

कशाला हो म्हणाले, ताई? ते आता मला कुणी सांगणार नाही.

एक गोष्ट मात्र तुला सांगायची राहिली. तुझी औषधं आणायला मी पुण्याला गेले होते ना, तुझा ठसका नुकता सुरू झाला होता तेव्हा? त्या दिवशी मी डॉक्टरांना रक्त देऊन आले होते. का दिलं, नक्की सांगता येत नाही. तू माझ्या पायांकडे बघत होतीस म्हणून असेल. ठरवलं होतं, काही नाही निघालं तर तुला येऊन सांगायचं, त्या भांडणात तू जिंकलीस म्हणायचं. आणि निघालं तर? तर तुझ्याशेजारी सतरंजीवर बसायचं, एवढंच सुचलं होतं. रिपोर्ट यायला वेळ लागतो म्हणाले होते. त्या आधी तू गेलीस.

काल डॉक्टरांनी बोलावलं. पतसंस्थेच्या कामाला चालले असं संजयला सांगून गेले. त्यांनी दार लावून घेतलं, मला बसायला सांगितलं, सोबत कुणी आलंय का विचारलं. तेव्हाच मला कळलं.

आहे, ताई. मलाही आहे.

आत्ता काही दिसत नाही, ते म्हणाले. कधी सुरू होईल सांगता येत नाही. व्यायाम करा, दर वर्षी येऊन दाखवा, एकट्यानं हे सांभाळू नका. मी सईचं विचारलं. ते म्हणाले, तिला असेलच असं नाही. निम्मी शक्यता. पण लहान मुलांची ही तपासणी करत नाहीत, मोठी झाल्यावर तिचं तिनं ठरवायचं. म्हणजे तोवर मी रोज तिला चालताना बघणार, पळताना, सायकलवर बसताना, आणि मला माहीत असणार नाही. तू माझ्याकडे बघत होतीस तसंच.

परत आले तर शेजारणीकडे ठेवलेली सई तिच्या दारातली पायरी चढत होती. पहिल्यांदाच, कशाला न धरता. एक पाय वर, मग दुसरा त्याच्या शेजारी. वर पोचल्यावर तिनं वळून बघितलं मी बघतेय का. माझे हात तिच्याकडे धावत होते, मी ते मागे बांधून ठेवले. ती उतरली, पुन्हा चढली. मी तशीच उभी राहिले, ऊन उतरेपर्यंत.

आज संध्याकाळी संजय वाशीहून येईल. तो जेवला की त्याला समोर बसवून सगळं सांगणार आहे, आबांपासून. आबा पीत नव्हते इथून सुरुवात करणार आहे. तो काय म्हणेल, मला माहीत नाही. भीती वाटते. पण गप्प बसणार नाही.

त्याच्या आधी तुला सांगायचं होतं.